घर विकू का, एवढेच विचारले होते

वाचकाचे पत्र

मी ६१ वर्षांची आहे. लग्न होऊन बडोद्याला आले त्याला ३७ वर्षे झाली. यजमान जाऊन दीड वर्ष झाले. कारेलीबागेत आमचे टेनामेंट आहे, यजमानांनीच घेतलेले. आता त्यात मी एकटीच राहते. पुण्याचा मुलगा म्हणतो, घर विकून माझ्याकडे ये, दिवाळीपर्यंत काय ते ठरव. मांजलपूरला दिलेली मुलगी म्हणते, मुळीच विकू नकोस. दीर म्हणतात, भाड्याने द्या. विचार करकरून झोप उडाली, म्हणून मुलीने मला एका काउन्सेलरकडे पाठवले. ती माझ्या मुलीहूनही लहान आहे, गुजराती आहे, स्वभावाने चांगली आहे. सहा वेळा जाऊन आले, दर खेपेला हजार रुपये. पण घर विकू की नको, हे काही ती सांगत नाही. विचारले की म्हणते, “तुम्हाला हे एकदाचं ठरवून टाकायचं आहे, आणि ठरत नाही याचा त्रास होतो आहे.” अहो, ते मला ठाऊक आहे, म्हणून तर आले! चौथ्या खेपेला व्हरांड्यातल्या झोपाळ्याचा विषय निघाला. संध्याकाळी यजमान त्यावर बसत. आता कुणी बसत नाही, तरी शनिवारी मारुतीला तेल वाहून आले की वाटीत उरलेले तेल मी झोपाळ्याच्या कड्यांना घालते. ती एवढेच म्हणाली, “कुणी बसत नाही, तरी तेल घालता.” आणि मी जी रडायला लागले ती वेळ संपेपर्यंत. मध्येच मी गुजराती सोडून मराठीत बोलू लागले होते, हे मला घरी आल्यावर कळले. तिला मराठी समजते, बोलता येत नाही. घराचे विचारायला गेले आणि झोपाळ्यावर रडून आले. ही कसली पद्धत? पैसे फुकट चालले आहेत का? आणि रिकाम्या झोपाळ्याला तेल घालणे हा वेडेपणा आहे का?

– एक वाचक, बडोदे

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तक्रारीतला एक भाग अगदी खरा आहे, म्हणून तो आधी मान्य करते. तुम्ही एक प्रश्न घेऊन गेलात, आणि त्याचे उत्तर मिळणार नाही हे तुम्हाला कुणी सांगितले नाही. ‘माझे काम कोणत्या पद्धतीचे आहे, मी काय करीन आणि काय करणार नाही,’ हे पहिल्याच भेटीत साध्या शब्दांत सांगणे त्या काउन्सेलरचे काम होते. ते राहून गेले असावे. तेवढी उणीव मी इथे भरून काढते. मग पैसे फुकट चालले आहेत का, हे तुम्हालाच पारखता येईल.

आपल्या भाषेने या बाबतीत थोडा घोटाळा करून ठेवला आहे. काउन्सेलिंगला आपण ‘समुपदेशन’ म्हणतो, आणि त्या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. त्यामुळे तिथे गेल्यावर कुणीतरी वडीलधारे माणूस आपल्याला चार शब्द सांगेल, अशी अपेक्षा मनात आपोआप तयार होते. तुमच्या काउन्सेलरच्या बोलण्यावरून ती ज्या पद्धतीने काम करते आहे असे दिसते, तिचा पाया मात्र उपदेश न करण्यावरच उभा आहे. मराठीत तिला व्यक्तिकेंद्रित पद्धत म्हणतात. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ती मांडली. सुरुवातीला तिचे नाव होते ‘दिशा न दाखवणारी’ पद्धत. लोकांनी त्याचा अर्थ ‘काहीच न करणारी’ असा घेतला. पुढे नाव बदलत गेले, आणि भर ‘काय करायचे नाही’ यावरून ‘कुणाला केंद्रस्थानी ठेवायचे’ यावर आला. समोर बसलेल्या माणसाला ‘रुग्ण’ म्हणणेही रॉजर्स यांनी सोडले. इंग्रजीत त्यांनी वकिलाकडे जाणाऱ्या पक्षकारासाठी असतो तोच ‘क्लायंट’ हा शब्द घेतला, कारण पक्षकार मदत मागतो, पण खटला त्याचाच राहतो.

हे रॉजर्स काही पहिल्यापासून असे नव्हते. १९२८ पासून बारा वर्षे ते रॉचेस्टर नावाच्या शहरात अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होते, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलांची तपासणी करून आईवडिलांना कारण आणि उपाय सांगत असत. तिथला एक प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. एका अतिशय द्वाड मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. तिने मुलाला लहानपणी मनापासून जवळ केले नाही, त्यातून हे सगळे झाले, असे रॉजर्स यांचे निदान होते, आणि ते तिला पटावे म्हणून ते भेटीमागून भेटी हळुवारपणे प्रयत्न करत राहिले. तिला काही ते पटेना. शेवटी त्यांनी हात टेकले. आपण दोघांनी प्रयत्न केला, पण जमले नाही, इथेच थांबू या, असे ते म्हणाले. तिलाही ते मान्य झाले. निरोप घेऊन ती दारापर्यंत गेली, वळली आणि तिने विचारले, “तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही मदत करता का?” हो म्हणताच ती परत येऊन खुर्चीत बसली आणि आपल्या संसाराची, नवऱ्याशी बिनसल्याची, आपण हरलो आहोत या भावनेची सगळी कहाणी तिने त्यांच्यापुढे ओतली. इतक्या भेटींत यातले काहीच बाहेर आले नव्हते, कारण बोलायचे कशावर हे रॉजर्स ठरवत होते. कुठे दुखते आहे आणि कोणत्या वाटेने जायचे आहे हे त्या माणसालाच माहीत असते, हे त्यांना उमगले ते अशा अनुभवांतून.

ताई, तुमचे पत्र वाचताना मला ती दारातून परतलेली आई आठवली. तुम्ही घराचा प्रश्न घेऊन गेलात आणि झोपाळ्यापाशी जाऊन पोहोचलात. तुम्हाला वाटते, विषय सुटला. मला वाटते, त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा विषयावर आलात.

त्या काउन्सेलरचे वाक्य पुन्हा पाहू या: “कुणी बसत नाही, तरी तेल घालता.” ‘तुम्हाला त्यांची आठवण येते’ असे ती म्हणाली नाही. ‘ते गेले हे तुम्ही अजून स्वीकारलेले नाही’ असा अर्थ तिने लावला नाही. तसे म्हणणे सोपे होते, आणि शिकाऊ माणूस नेमके तेच म्हणून जातो. ‘आता झोपाळा काढून टाका’ किंवा ‘तेल घालत राहा’ असेही ती म्हणाली नाही. तुम्हीच पाचदहा वाक्यांत जे सांगितले होते, त्यातल्या दोन गोष्टी तिने उचलल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. रिकामा झोपाळा आणि तेलाची वाटी. मधला ‘तरी’ हा शब्दसुद्धा तुमचाच आहे, तुमच्या पत्रातही तो तसाच आला आहे. दीड वर्षात तुमच्याभोवती इतकी माणसे बोलत होती, पण तुम्ही शनिवारी काय करता हे कुणी तुम्हाला परत ऐकवले नव्हते. ते ऐकल्यावर रडू आले, त्यात नवल नाही.

अशा वाक्यामागे तीन गोष्टी असाव्या लागतात, असे रॉजर्स यांनी १९५७ मधल्या एका लेखात मांडले. माणसात बदल घडायला लागणाऱ्या एकूण सहा अटी त्यात आहेत, पण त्यांतल्या या तिघींवर काउन्सेलरचा सगळा भार असतो. पहिली म्हणजे सच्चेपणा, म्हणजे तोंडाने एक आणि मनात दुसरे असे न वागणे. दुसरी म्हणजे विनाअट स्वीकार. तुम्ही घर विकले तरी, न विकले तरी, मुलावर चिडलात तरी आणि त्या चिडण्याची लाज वाटली तरी, त्या खोलीतले तुमचे स्थान कमी होत नाही. घरच्या माणसांना हे जमत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मुलाला तुमची काळजी आहे, मुलीला माहेर हवे आहे, दिरांना भावाची वास्तू टिकावीशी वाटत असेल. प्रत्येकाच्या प्रेमाला एकेक उत्तर जोडलेले आहे, आणि ते उत्तर दिले नाही तर प्रेम दुखावेल अशी तुम्हाला धास्ती आहे. त्या काउन्सेलरला मात्र तुमच्या घराकडून काहीही नको आहे, आणि तिचा उपयोग आहे तो त्यामुळेच. तिसरी गोष्ट समानुभूती, म्हणजे तुमच्या जागी उभे राहून तुमच्या डोळ्यांनी पाहणे, आणि तसे पाहताना आपण पाहुणे आहोत हे न विसरणे.

इथे थोडे विषयांतर करते. आपल्या घरांत ‘ऐकणे’ या क्रियापदाचा अर्थ बहुतेक वेळा ‘सांगितले तसे करणे’ असा असतो. मुलगा ऐकत नाही, सून ऐकत नाही, हल्ली आईसुद्धा ऐकत नाही. कानांनी ऐकण्याला आपल्याकडे वेगळा आणि तितकाच वजनदार शब्द उरलेला नाही. सदतीस वर्षांत तुम्ही किती जणांचे ऐकले असेल, याचा हिशेब तुमच्याकडे असेलच. तुमचे कुणीतरी पन्नास मिनिटे ऐकावे आणि त्याबदल्यात तुम्ही त्यांचे ऐकावे अशी अपेक्षा नसावी, हा प्रसंग तुमच्यासाठी इतका नवा आहे की तो चुकल्यासारखा वाटणे साहजिक आहे.

पण मग एखादा शब्द सांगितला तर बिघडते काय, असे तुम्ही म्हणाल. मी स्वतः काउन्सेलिंगचे काम सुरू केले तेव्हा मलाही सांगण्याची घाई असे. एका बाईंना मी नोकरी सोडू नका असे ठामपणे सांगितले होते, आणि त्यांनी माझे ऐकले. दोन वर्षांनी भेटल्या तेव्हा त्या अगदी निर्व्याजपणे म्हणाल्या, “तुम्ही म्हणालात म्हणून राहिले.” तो निर्णय चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. पण त्या दोन वर्षांत जे काही बरेवाईट झाले, ते त्यांना आपले वाटतच नव्हते. माझ्या शब्दाखातर काढलेले दिवस होते ते. उद्या त्या तरुण मुलीने ‘विका’ म्हटले आणि तुम्ही पुण्याला गेलात, तर तिथल्या फ्लॅटमध्ये पहिल्या उदास संध्याकाळी तुमच्याजवळ काय असेल? बडोद्यातल्या एका काउन्सेलर मुलीचे मत.

या पद्धतीमागे एक श्रद्धा आहे, आणि ती तुम्हाला पटावी असा माझा आग्रह नाही. रॉजर्स शेतावर वाढले होते, कॉलेजातही आधी शेतीच शिकायला गेले होते. लहानपणी घराच्या तळघरात हिवाळ्यासाठी साठवलेल्या बटाट्यांना अंधारातसुद्धा फिकट, लांबट कोंब फुटत आणि ते वरच्या लहानशा खिडकीच्या उजेडाकडे वाढत, हे त्यांनी पाहिले होते. माणसातही अशीच वाढीची ओढ असते, परिस्थिती वाईट असली की ती वेडीवाकडी वाढते, पण मरत नाही, असे ते मानत. तुमचे उत्तर तुमच्यातच कुठेतरी वाढते आहे, असे धरूनच ती काउन्सेलर गप्प बसते. तिच्या गप्प बसण्यात तुमच्याविषयीचा आदर आहे, असे मला पत्रावरून वाटते. प्रत्यक्षात तो आहे की नाही, हे फक्त तुम्हालाच सांगता येईल.

कारण या पद्धतीची नक्कलही फार होते. समोरच्याचे शेवटचे चार शब्द परत म्हणायचे आणि मान हलवायची, एवढ्यावर दुकान चालवणारे लोक आहेत. या पोपटपंचीला आपली पद्धत म्हटले जाते याचे स्वतः रॉजर्स यांना फार वाईट वाटे. मी समोरच्याचे शब्द परत करत नाही, मला बरोबर समजले आहे का हे त्याच्याकडून तपासून घेतो, असे त्यांचे म्हणणे होते. तुम्ही सांगितलेल्या दोन वाक्यांत हा फरक मला दिसतो. झोपाळ्याचे वाक्य खरे ऐकण्यातून आलेले आहे. पण “तुम्हाला हे एकदाचं ठरवून टाकायचं आहे, आणि ठरत नाही याचा त्रास होतो आहे” हे वाक्य मला तितकेसे पटत नाही. त्या क्षणी तुम्ही तिच्यावर वैतागला होतात, आणि ते तिने ऐकायला हवे होते.

म्हणून पुढच्या खेपेला घराचा विषय बाजूला ठेवून हेच बोला. “मी तुम्हाला सहा वेळा एकच गोष्ट विचारली, तुम्ही उत्तर दिले नाही, मला राग आला आहे, आणि हजार रुपये देताना हात जड होतो,” असे स्वच्छ सांगा. वयाने ती लहान आहे, तिला वाईट वाटेल, म्हणून गिळून टाकू नका. सगळ्यांचे वाईट वाटणे सांभाळता सांभाळताच तुमची झोप गेली आहे. रॉजर्स यांच्या सहा अटींतली शेवटची अट अशी आहे की काउन्सेलरचा स्वीकार आणि समज समोरच्या माणसापर्यंत थोडी तरी पोहोचली पाहिजे. काउन्सेलरच्या मनात नुसती असून भागत नाही. तुमचा राग ऐकून ती सावरासावर करू लागली, पद्धतीचे कारण पुढे करू लागली किंवा तुम्हालाच ‘तुम्ही बदलाला विरोध करता आहात’ असे सांगू लागली, तर माणूस बदला. रागासकट तिने तुम्हाला ऐकले, आपले चुकले असेल तिथे तसे म्हटले, तर आणखी चारसहा खेपा देऊन पाहायला हरकत नाही. तिचे शिक्षण कुठे झाले, ती स्वतः कुणा अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करते का, हेही विचारा. तो तुमचा हक्क आहे, उद्धटपणा नव्हे.

मराठीचेही तिच्या कानावर घाला. तुम्ही मध्येच भाषा बदललीत आणि तिने तुम्हाला अडवले नाही, हे मला आवडले. इतकी वर्षे बडोद्यात काढल्यावर गुजराती तुमचीच भाषा झाली आहे; पण काही गोष्टी ज्या भाषेत घडल्या त्याच भाषेत बाहेर येतात. झोपाळ्यावरच्या संध्याकाळी मराठीत होत्या. तिला समजते आहे तोवर तुम्ही मराठीत बोला आणि तिने गुजरातीत उत्तर द्यावे. कुठे तिला कळले नाही तर ती विचारील, आणि दुसऱ्यांदा सांगताना कधी कधी आपल्यालाच नवे काही सापडते.

आता जे त्या खोलीत मिळणार नाही, त्याविषयी. या अटी पूर्ण झाल्या की दुसरे काही लागतच नाही, असे रॉजर्स यांचे मत होते. एवढ्यापुरती मी त्यांच्याशी सहमत नाही. पुढे त्यांनी स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्तींबरोबर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मोठा प्रयोग केला, त्याला अपेक्षेइतके यश आले नाही. काही प्रश्नांना माहिती लागते आणि काहींना औषध. घर यजमानांनी स्वतः घेतलेले असेल आणि मृत्युपत्र केलेले नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तुमचा, मुलाचा आणि मुलीचा त्यात सारखा वाटा आहे. यजमान गेले तेव्हा सासूबाई हयात असतील तर त्यांचाही. म्हणजे मुलगा एकटा विकू शकत नाही, आणि सगळे घर तुम्हीही एकट्या विकू शकत नाही. एखाद्या वकिलाकडे कागद घेऊन तासभर बसा. निम्मी भीती कागदांबद्दलची असते, ती तिथे उतरेल.

झोपेचे मात्र लांबवू नका. महिनाभर झोप नीट येत नसेल, जेवण कमी झाले असेल, वजन उतरत असेल, तर काउन्सेलिंग चालू ठेवूनच मनोविकारतज्ज्ञांना एकदा दाखवा. सयाजी रुग्णालयात तो विभाग आहे, आणि मानसिक आरोग्याचे सरकारी रुग्णालय तर तुमच्या कारेलीबागेतच आहे. जगू नये असे विचार कधी मनात आले, तर कोणत्याही भेटीची वाट पाहू नका. मुलीला तत्काळ बोलवा, किंवा १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा क्रमांक फिरवा. तो अहोरात्र चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दिवाळीची मुदत मुलाने घातली आहे, तुम्ही नाही. “मी विचार करते आहे, दिवाळीपर्यंत होईलच असे नाही, झाला की मीच तुला सांगीन,” एवढे त्याला फोनवर सांगता येईल. तो नाराज होईल, कदाचित दोन दिवस फोन करणार नाही. ते कसे वाटले, हे त्या खोलीत घेऊन जा.

आणि तेलाचे. नाही ताई, वेडेपणा मुळीच नाही. वाटीत तेल उरले असेल तर येत्या शनिवारीही घाला. घालताना हात कुठे थांबतो आणि मनात काय येते, एवढ्याकडे मात्र लक्ष असू द्या. घर विकायचे की नाही, हे तिथूनच कळेल असे मी म्हणत नाही. पण झोपाळा न्यायचा की ठेवायचा, हे बहुधा आधी कळेल.